वाढत्या संग्रहासाठी कोणती रेड रचना?

प्रश्न : छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे जतन करण्यासाठी माझ्याकडे ८ टेराबाइटच्या ४ हार्ड डिस्क आहेत. पुढे गरजेनुसार डिस्क वाढवता येतील, अशी कोणती रेड रचना निवडावी?

उत्तर : रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकच साठा म्हणून वापरण्याची पद्धत; तिच्या प्रकारांपैकी आपल्यासाठी रेड ६ योग्य ठरेल. रेड ५ मध्ये २४ टेराबाइट जागा मिळते आणि रेड ६ मध्ये १६च, हे पाहून मन रेड ५ कडे झुकणे स्वाभाविक आहे. परंतु एक डिस्क बिघडल्यावर तिच्यावरील माहितीची नव्या डिस्कवर पुनर्बांधणी करण्यासाठी उरलेल्या सर्व डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, एवढ्या मोठ्या डिस्कना त्यासाठी अनेक तास लागतात आणि तेवढ्यात दुसरी डिस्क बिघडली, तर रेड ५ मधील संग्रह हातचा जातो. रेड ६ दोन डिस्कचा बिघाड सोसते. शिवाय पुढे जोडलेल्या प्रत्येक डिस्कची पूर्ण ८ टेराबाइट जागा वापरता येते. लिनक्समधील एमडीएडीएम या रेड हाताळणाऱ्या आज्ञावलीने असा विस्तार करता येतो. नवी डिस्क जुन्यांपेक्षा लहान मात्र नसावी. डिस्कच्या जोड्यांवर एकच माहिती ठेवणारी रेड १० वेगवान खरी, पण संग्रहाला वेगाचे फारसे काम नसते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल सर्वच डिस्कवरून जाते. त्यामुळे विस्तार सुरू करण्यापूर्वी स्वतंत्र प्रत अन्यत्र ठेवावी.