वाचक विचारतात: जपानी टीव्ही गेममधली मैदानं

मागच्या अंकात जुन्या टीव्ही गेमवर चार ओळी काय लिहिल्या, मेसेजवर मेसेज यायलेत. बरेच जण स्पोर्ट्सच्या जपानी गेमबद्दलच विचारायलेत, कोणता होता, आता मिळतो का, आणि मिळाला तर आपल्या टीव्हीवर चालतो का. म्हणून या वेळेस सगळा कॉलम त्यालाच दिलाय. नावं छापू नका असं काहींनी सांगितलं होतं, तर मंग कुणाचीच छापली नाहीत, फक्त गावं दिलीत.

परभणीहून: आमच्याकडं लहानपणी टीव्ही गेम होता, त्यात फुटबॉलची एक कॅसेट होती. बुटकी, मोठ्या डोक्याची पोरं एकमेकांना धडाधड पाडायची, रेफ्री काहीच म्हणायचा नाही, आणि एखादा शॉट असा बसायचा की गोलकीपर बॉलसकट जाळ्यात. मधीच पाऊस, वीज, वावटळ. कॅसेटच्या स्टिकरवर भलताच फोटो होता. हा गेम कोणता?

भाऊ, स्टिकरवर जाऊच नका, त्या कॅसेटींवर आत एक आणि बाहेर एक असाच कारभार होता. तुम्ही सांगताय तो 'गोल ३' नावानं फिरायचा, पण ते नाव नकली कॅसेट काढणाऱ्यांनी चिकटवलेलं. खरा गेम 'कुनिओ-कुन नो नेक्केत्सु सॉकर लीग', कंपनी टेक्नॉस जपान, साल १९९३. कुनिओ म्हणजे नेक्केत्सु हायस्कूलचा तापट डोक्याचा पोरगा, आधी मारामारीच्या गेममध्ये आला आणि मंग कंपनीनं त्याला धरून सगळेच खेळ खेळायला लावले, डॉजबॉल (बॉल फेकून समोरच्याला बाद करायचा खेळ), फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल, काही सोडलं नाही.

आणि हे आपल्यापर्यंत कसं आलं ते पण बघा. निन्टेन्डो या जपानी कंपनीनं फॅमिकॉम हे मशीन १५ जुलै १९८३ ला जपानात काढलं, किंमत १४,८०० येन. आपल्या बाजारात जी मशीनं मिळायची ती बहुतेक याचीच नक्कल, कॅसेटचा खाचासुद्धा तोच, ६० पिनांचा. अमेरिकेत गेलेल्या मशीनला ७२ पिना होत्या. त्यामुळं झालं काय, तुमचा हा सॉकर लीग अमेरिकेतल्या दुकानात कधी आलाच नाही, आणि परभणीतली पोरं मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत तो खेळून खेळून बटनांचे रबर झिजवायलेली.

मला विचाराल तर स्पोर्ट्सच्या गेममध्ये टेक्नॉसच्या तोडीचं कुणीच नाही. खेळाचे नियम पुस्तकातल्यासारखे बसवायच्या भानगडीत ते पडले नाहीत, बघणारा ज्या क्षणाला उठून ओरडतो तेवढाच क्षण उचलला आणि बाकीचं सरळ फेकून दिलं. दोन बटनांत दुसरं करणार तरी काय. त्यांचा डॉजबॉलचा गेम (फॅमिकॉमवर १९८८) नक्की बघा, तिथं प्रत्येक खेळाडूची शक्ती संपत जाते, संपली की त्याचा देवदूत होऊन वर उडून जातो, आणि त्यात भारताची टीमसुद्धा आहे! १९९० चा 'डाउनटाउन नेक्केत्सु कोशिनक्योकु' म्हणजे तर शाळेचा क्रीडा महोत्सव, पण त्यातली क्रॉस कंट्रीची शर्यत लोकांच्या घरातून, छपरांवरून जाते आणि वाटेत दुसऱ्या शाळेच्या पोरांना बडवायचं. चौघं मिळून खेळलात तर शेजारचे येऊन विचारतील काय झालं म्हणून.

हे सगळे गेम इंग्रजी करून एकाच पॅकमध्ये २०२० साली आलेत, 'डबल ड्रॅगन अँड कुनिओ-कुन रेट्रो ब्रॉलर बंडल', एकूण १८ गेम, प्लेस्टेशन ४ आणि स्विचवर. एक मात्र सांगून ठेवतो. तिथं गेम तुम्हाला लहानपणापेक्षा पळतोय असं वाटंल. तो बरोबरच पळतोय, आपली मशीनं पाल (आपल्याकडची सिग्नलची पद्धत) टीव्हीसाठी ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं, अशी चालायची आणि जपानी गेम ६० साठी लिहिलेले, म्हणजे आपण सगळं लहानपण सहाव्या हिश्श्यानं हळू खेळलो.

लातूरहून: मुलानं ऑनलाइन 'फॅमिली स्टेडियम' नावाची कॅसेट मागवली. सगळं जपानीत, आणि बेसबॉल कशाशी खातात ते घरात कुणाला माहीत नाही. पैसे वाया गेले का?

नाही ओ सर, उलट पोरानं चांगली वस्तू उचलली. नामको कंपनीचा हा गेम डिसेंबर १९८६ चा, जपानात तो इतका चालला की लोकांनी त्याचं 'फामिस्ता' करून टाकलं, आणि नंतर वर्षानुवर्षं त्याचे पुढचे भाग निघत राहिले. जपानी वाचायची फार गरज नाही. बेसबॉलचं एवढंच लक्षात ठेवा, तीन स्ट्राइक (नीट आलेला बॉल सोडला किंवा फटका हुकला) झाले की बॅटर आउट, चार बॉल वाकडे पडले की त्याला फुकटात पहिला बेस (पळताना थांबायची जागा), तीन आउट झाले की बाजू बदलली, आणि अशा नऊ इनिंग. या गेममध्ये दहा रनांचा फरक पडला तर मॅच तिथंच बंद, समोरच्याची जास्त फजिती नको म्हणून.

आता हातात कंट्रोलर घ्या. दिशेच्या बटनाकडं बघा, ते अधिकच्या चिन्हासारखं आहे आणि बेसबॉलचं मैदानही तसंच चौकटीचं, म्हणून उजवीकडं दाबलं की बॉल पहिल्या बेसला जातो, वर दाबलं की दुसऱ्या, डावीकडं तिसऱ्या आणि खाली म्हणजे होम, जिथं बॅटर उभा असतो. दिशा धरायची आणि ए दाबायचं, बस. एकदा हे बोटात बसलं की स्क्रीनवर काय लिहिलंय ते कुणी बघतच नाही. पिचिंग करताना खाली धरून टाकला तर बॉल जोरात, वर धरून टाकला तर सावकाश, आणि बॉल हवेत असताना डावं-उजवं केलं की वळतो. बॉल हातातून सुटल्यावर वळवायचा! क्रिकेट बघणाऱ्याला हे पटतच नाही, पण बॅटरच्या पायाशी येऊन वळालेला बॉल बघितला की पोरगं खुर्चीवरून उठतं.

टीम निवडताना एक गंमत आहे. त्यात दहा टीम आहेत, खऱ्या टीमची नावं थोडी थोडी वाकडी केलेली, पण एक टीम आहे 'रेल्वेज'. त्या काळी हँक्यू, नानकाई आणि किन्तेत्सु या तिन्ही रेल्वे कंपन्यांच्या टीम होत्या, त्या तिघी मिळून एक करून टाकली. आणि हॅम विकणाऱ्या कंपनीची टीम अधिक चॉकलेट-च्युइंगम विकणाऱ्या कंपनीची टीम, यांची मिळून झाली 'फूड्स फूड्स'. नवीन माणसानं मात्र नामकोचीच टीम घ्यावी, तिच्यात पिनो नावाचा खेळाडू आहे, त्याच्याकडून बॉल नुसता हळूच टेकवायचा आणि पळायचं, फील्डर बॉल उचलून फेकेपर्यंत तो बेसवर पोचलेला असतो. समोरचा चिडतो. चिडू द्या.

छत्रपती संभाजीनगरहून: माझा मेहुणा कामानिमित्त जपानला गेलाय, येताना जुना फॅमिकॉम आणतो म्हणतोय, अ‍ॅडॉप्टरसकट. इथं लावला तर चालंल ना?

दादा, हा प्रश्न आधी विचारला ते लई बरं केलं. मशीन आणा, पण तो अ‍ॅडॉप्टर आपल्या प्लगात घालू नका. तिकडं घरात करंट १०० व्होल्टचा, आपल्याकडं २३०, थेट लावला तर जळणारच. फॅमिकॉमला लागतो १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर, आणि महत्त्वाचं म्हणजे पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह असतो, आपल्या बाजारातल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये मध्यभागी पॉझिटिव्ह असतो. चांगल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून पोलॅरिटी मीटरवर चेक करून घ्या, नऊ व्होल्टचा चालतो, आत व्होल्टेज पाचवर आणणारा रेग्युलेटर आहे. नाहीतर २३० चं १०० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि जपानी अ‍ॅडॉप्टर त्याच्यावर लावा. कुणी म्हणलं अमेरिकन मशीनचा अ‍ॅडॉप्टर लाव, तर अजिबात ऐकू नका, त्यातून ९ व्होल्ट एसी येतो, डीसी नाही. प्लग बसतो का नाही एवढंच बघणारे लोक मशीन असंच घालवतात.

आता दुसरी अडचण, आणि ही लोकांना घरी आल्यावर कळते. १९८३ चा लाल-पांढरा फॅमिकॉम फक्त अँटेनाच्या वायरीतून चित्र देतो, तेही जपानातल्या चॅनेल १ किंवा २ वर, आणि ती चॅनेलं बसतात ९० ते १०२ मेगाहर्ट्झला. आपल्याकडं तिथं एफएम रेडिओ वाजतो! म्हणून आपले टीव्ही तिथं सहसा ट्यूनच होत नाहीत. मेहुण्याला सांगा, जमलं तर १९९३ चं नवीन मॉडेल बघ, ज्याला एव्ही फॅमिकॉम म्हणतात, त्याला पिवळी-पांढरी-लाल वायर लागते. नाहीतर सरळ सुपर फॅमिकॉम आण (१९९०), त्याला अ‍ॅडॉप्टर आणि एव्ही वायर तीच चालते, आणि कोनामीचे फुटबॉल आणि बेसबॉलचे गेम त्याच्यावर बघण्यासारखे आहेत. आताच्या एलसीडी टीव्हीला जपानी सिग्नल सहसा कळतो, जुन्या डब्बा टीव्हीवर मात्र चित्र ब्लॅक अँड व्हाइट आलं तर मशीनला दोष देऊ नका, तो टीव्ही फक्त पालवाला आहे.

नांदेडहून: कॅसेट फुंकल्यावर चालते ते का?

फुंकल्यामुळं नाही चालत ताई, काढून परत घातल्यामुळं चालते, पिना नव्या जागी घासल्या जातात म्हणून. फुंकीतली ओल उलट पिना काळ्या करते. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, वाळू द्या, मंग घाला.

बीडहून: एवढे खेळ काढले तर जपान्यांनी क्रिकेट काहून नाही काढलं?

कारण ते आधी घरच्या गिऱ्हाइकासाठी काढायचे, आणि घरी वेड बेसबॉलचं. निन्टेन्डोचा 'बेसबॉल' फॅमिकॉम आल्यावर पाचच महिन्यांत, डिसेंबर १९८३ मध्ये आला, त्यात फील्डर आपोआप पळायचा आणि आपण नुसतं फेकायचं. क्रिकेट त्या मशीनवर आलं ते ऑस्ट्रेलियातून, मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरनं १९९२ साली 'इंटरनॅशनल क्रिकेट' केला, पण तो ७२ पिनांच्या मशीनसाठी, आपल्या टीव्ही गेमला कन्व्हर्टर लागतो. माझं मत, फार वाईट वाटून घेऊ नका. दोन बटनांत बेसबॉल जितका बसतो तितकं क्रिकेट बसत नाही, चारी बाजूला फटके आणि डझनभर प्रकारचे शॉट, ते सगळं ठेवायला गेलं की बोटं अडकतात.

जालन्याहून: धावायच्या गेममध्ये बटन दाबून दाबून अंगठा सुजतो. काही युक्ती?

कोनामीचा 'हायपर ऑलिंपिक' म्हणताय तुम्ही. १९८३ ला तो दुकानातल्या मोठ्या मशीनवर आला तेव्हा जपानी पोरं लोखंडी पट्टी घेऊन यायची, पट्टीचं एक टोक धरून दुसरं कंप पावू द्यायचं, बटन आपोआप टकटक. घरच्या मशीनसाठी कोनामीनं मोठ्या बटनांचा वेगळा कंट्रोलरच काढला, हायपर शॉट नावाचा. तुमच्या कंट्रोलरवर टर्बोचं बटन (धरलं की आपोआप भराभर दाबलं जातं ते) असंल तर ते धरून ठेवा, पण मंग समोरच्यालाही धरू द्या. नाहीतर अंगठा सोडा, टेबलावर कंट्रोलर ठेवून पहिली दोन बोटं आळीपाळीनं मारा.

उदगीरहून: मुलीला मोबाइल द्यायचा नाही असं ठरवलंय. हातात धरून खेळायचा एखादा साधा गेम सांगा, खेळाचाच, मारामारीचा नको.

ताई, गेम बॉय कलर या निन्टेन्डोच्या हातातल्या मशीनवरचे दोन, 'मारिओ गोल्फ' (१९९९) आणि 'मारिओ टेनिस' (२०००), दोन्ही कॅमेलॉट या जपानी कंपनीचे. टेनिसवाल्यात आपण अकादमीत दाखल झालेला नवीन खेळाडू असतो, सराव करत, मॅच जिंकत वर जायचं, त्यामुळं लेकरू दोन दिवसांत कंटाळत नाही. कॅसेट मात्र इंग्रजीच घ्या, यात गोष्ट आहे, बोलणं आहे, जपानी घेतली तर अडून बसाल. देश कोणता याची अडचण नाही, या मशीनवर कोणत्याही देशाची कॅसेट चालते. मशीन घेताना १९८९ चा जुना गेम बॉय नको, त्याला चार पेन्सिल सेल लागतात आणि स्क्रीनला आतून उजेड नाही, लाइट गेली की संपलं. २००३ चा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी बघा, चार्जिंगचा आहे, स्क्रीनला उजेड आहे आणि या दोन्ही कॅसेटी त्यात चालतात. सेकंडहँड कॅसेट घेताना गेम सेव्ह करून, बंद करून, परत चालू करून बघा, सेव्ह राहिला नाही तर आतली बटन बॅटरी गेलेली असते, ती डाग देऊन बदलावी लागते, सोल्डरिंग येणाऱ्याकडूनच करून घ्या.

हिंगोलीहून: आम्ही बहीण-भाऊ टेनिस लावायचो पण आम्हाला कायम एकाच बाजूला उभं करायचं, समोरासमोर खेळताच यायचं नाही. मशीन नकली म्हणून तसं होतं का?

नाही, निन्टेन्डोचा १९८४ चा 'टेनिस' आहेच तसा, दोघं घेतले तर डबल्स, समोर कॉम्प्युटर. अंपायरच्या खुर्चीत मारिओ बसलेला असतो, तो काही तुमचं भांडण लावून देत नाही. भांडायचंच असंल तर १९८८ चा 'आइस हॉकी' लावा. त्यात टीममध्ये जाडा, मध्यम आणि बारीक असे खेळाडू आपणच निवडायचे. बारीक पळतो पण धक्का लागला की पडतो, जाड्याचा शॉट जबरदस्त पण त्याला वळायला वेळ लागतो. दोन मध्यम, एक जाडा, एक बारीक घ्या, आणि बहिणीनं चारही जाडे घेतले तर बारक्याला कडेनं काढा.