शेअर फोल्डर रोज दुसऱ्यानं का उघडून द्यायचं?

प्रश्न: मी कराडजवळच्या एका पतसंस्थेत वसुली विभागात लिपिक आहे. पूर्ण अंध आहे, विंडोज ११ वर एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरते. थकीत खात्यांच्या एक्सेल फायली मॅनेजरसाहेबांच्या कॉम्प्युटरवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतात. शेजारच्या टेबलावरचे दादा रोज सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर माउसनं ते फोल्डर उघडून देतात. दुपारी साहेब जेवायला गेले की ते बंद पडतं आणि दादा जागेवर नसले तर मी नुसती बसून राहते. ‘नेटवर्क’मध्ये गेलं तर कधी दोन नावं ऐकू येतात, कधी काहीच नाही. एकदा साहेबांनी त्यांचा चार आकडी पासवर्ड सांगितला, तो टाकला तर चुकीचा आहे म्हणाला. माझं मला उघडता येईल का?
— एक वाचक, कराड

उत्तर: येईल, आणि दादांच्या माउसपेक्षा लवकर उघडेल.

आधी त्या ‘नेटवर्क’चा नाद सोडा. आजूबाजूचे कॉम्प्युटर स्वतःहून आपली हजेरी लावतात तेव्हा ती यादी भरते. पूर्वी हे काम एसएमबी-१ नावाच्या जुन्या व्यवस्थेवर चालायचं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरस तिच्यातल्याच भगदाडातून जगभर पसरला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्यानं टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती मुळातच येईनाशी झाली. आता हजेरीची पद्धत वेगळी आहे आणि यादी भरायला वेळ लागतो. डोळस माणसाला वर हिरवी पट्टी सरकताना दिसते म्हणून तो थांबतो. आपल्याला नुसती शांतता. शिवाय यादीत नाव नाही म्हणजे कॉम्प्युटर बंद आहे असंही नाही. पत्ता माहीत असला की यादीशी आपलं काही देणंघेणं नाही.

पत्ता मिळवायचा कसा? उद्या सकाळी दादांनी फोल्डर उघडून दिलं की लगेच ऑल्ट आणि डी दाबा. फोकस अ‍ॅड्रेस बारमध्ये जाईल आणि पूर्ण पत्ता निवडलेला असेल. कंट्रोल सी करून नोटपॅडमध्ये ठेवून द्या. त्याचा साचा असा असतो: दोन बॅकस्लॅश, साहेबांच्या कॉम्प्युटरचं नाव, एक बॅकस्लॅश, फोल्डरचं नाव. पुढच्या वेळी विंडोज आणि आर दाबून रनची चौकट उघडायची, हा पत्ता पेस्ट करायचा, एंटर. दुसऱ्या दिवशी रन उघडलं की शेवटचा पत्ता तिथं आधीच भरलेला सापडतो.

हाताने टाइप करणार असाल तर बॅकस्लॅशपाशी जरा थांबा, कारण बहुतेक जण तिथंच अडखळतात. ही कळ साधारण एंटरच्या वर असते. मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर तीच कळ ‘डॉक्टर’मधला ऑ देते, म्हणून आधी विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी कीबोर्ड आला का ते ऐका. दुसरं, एनव्हीडीएची चिन्हांची पातळी ‘काही’ अशी असते तेव्हा ओळ वाचताना तो बॅकस्लॅश गिळून टाकतो. तुम्ही दोन टाकलेत की एक, कळतच नाही. होम दाबून उजव्या बाणानं एकेक अक्षर ऐका. तेव्हा तो प्रत्येक चिन्ह उच्चारतो. किंवा एनव्हीडीए कळ (इन्सर्ट, किंवा तशी ठेवली असेल तर कॅप्स लॉक) आणि पी दाबून पातळी ‘सर्व’वर न्या, काम झालं की परत खाली आणा. नाही तर दिवसभर स्वल्पविराम ऐकत बसाल.

आता पासवर्ड. साहेबांनी सांगितलेले चार आकडे हा पासवर्ड नाही, पिन आहे. विंडोजचा पिन फक्त त्या एकाच कॉम्प्युटरसमोर बसून चालतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो. पण मुळात साहेबांचा पासवर्ड घेऊच नका असं मी म्हणेन. पतसंस्थेत कुणाच्या नावानं कुठली फाइल उघडली, बदलली, याला फार अर्थ असतो. उद्या ऑडिटला काही निघालं तर तुमचं काम साहेबांच्या नावावर आणि त्यांचं तुमच्या गळ्यात. साहेबांच्या कॉम्प्युटरवर तुमच्या नावाचं साधं खातं काढून घ्या आणि त्या खात्याला या फोल्डरवर वाचायची-लिहायची परवानगी द्यायला सांगा. परवानगी दोन ठिकाणी लागते, फोल्डरच्या शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये. दोन्हींतली जी कडक, ती लागू होते. संगणक बघणारे लोक दुसरी हमखास विसरतात.

खातं झालं की पहिल्यांदा रनमधून जाताना विंडोज सिक्युरिटीची चौकट येईल. युजरनेममध्ये साहेबांच्या कॉम्प्युटरचं नाव, एक बॅकस्लॅश आणि मग तुमच्या खात्याचं नाव टाका. नुसतं नाव टाकलं तर विंडोजचा कधी कधी घोळ होतो. टॅब, पासवर्ड. इथं प्रत्येक अक्षराला ‘तारा’ एवढंच ऐकू येतं, म्हणून भाषा इंग्रजी आहे ना हे आधीच बघा. कॅप्स लॉक हीच एनव्हीडीए कळ ठेवली असेल तर ती चटकन दोनदा दाबली गेल्यानं कॅपिटल चालू झालेलं असू शकतं, तेही तपासा. पुढच्या टॅबवर ‘रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स’चा चेकबॉक्स आहे, तो स्पेसनं चालू करा.

एवढ्यावर काम भागतं. पण तुम्हाला ‘झेड ड्राइव्ह’सारखं कायमचं दार हवं असेल तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायची खिडकी, उघडा आणि सगळं इंग्रजी अक्षरांत टाका: नेट, स्पेस, यूज, स्पेस, झेड कोलन, स्पेस, तो पूर्ण पत्ता, स्पेस, फॉरवर्ड स्लॅश पर्सिस्टंट कोलन येस. फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर पत्ता दुहेरी अवतरणात घाला. प्रॉम्प्ट साधाच उघडा, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नको. तसा जोडलेला ड्राइव्ह नेहमीच्या एक्सप्लोररमध्ये दिसत नाही आणि माणूस उगाच डोकं धरून बसतो.

कमांड फसली तर एरर नंबर नीट ऐका. ५३ म्हणजे पत्ता सापडला नाही: नाव चुकलंय, नाही तर समोरचा कॉम्प्युटर बंद आहे. ८६ किंवा १३२६ म्हणजे नाव-पासवर्डात गडबड. ५ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. आणि १२१९ तुमच्या बाबतीत येणारच असं धरून चाला. सकाळी दादांनी साहेबांच्या नावानं जोडणी केलेली असते, आणि एकाच कॉम्प्युटरकडे एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी विंडोज जाऊ देत नाही. उघड्या फायली सेव्ह करून बंद करा, मग नेट यूज, स्पेस, स्टार, स्पेस, फॉरवर्ड स्लॅश डिलीट अशी कमांड द्या, जुन्या जोडण्या तुटतील. साहेबांचा पासवर्ड विंडोजनं लक्षात ठेवलेला असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून तोही काढा. प्रॉम्प्टमधला मजकूर ऐकायला कटकट वाटली तर कमांडच्या शेवटी स्पेस, दोनचा आकडा, ग्रेटर दॅन, अँपरसँड, एकचा आकडा, स्पेस, उभी रेघ, स्पेस आणि क्लिप असं सगळं इंग्रजीत लिहा. उत्तर थेट क्लिपबोर्डवर जातं, नोटपॅडमध्ये पेस्ट करून निवांत ऐका.

राहिलं दुपारचं बंद पडणं. साहेब जेवायला गेल्यावरच पडतं म्हणता, तर त्यांचा कॉम्प्युटर झोपत असणार. पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ची वेळ ‘नेव्हर’ करायला सांगा. स्क्रीन बंद झाली तरी चालते.

प्रश्न: कॉलेजच्या शेअर फोल्डरमधली गुणांची एक्सेल फाइल उघडून तासभर काम करतो आणि सेव्ह करताना दुसरं नाव द्या म्हणते. मी जॉज हा स्क्रीन वाचणारा प्रोग्रॅम वापरतो.
— एक प्राध्यापक, म्हापसा

उत्तर: फाइल आधीच दुसऱ्या कुणाकडे उघडी आहे. उघडताना एक चौकट येते, तिच्यात ‘रीड ओन्ली’, ‘नोटिफाय’ आणि ‘कॅन्सल’ अशी बटणं असतात. घाईत एंटर मारलं की तुम्ही नुसत्या वाचण्याच्या प्रतीत शिरता. फाइल उघडली की काही टाइप करायच्या आधी इन्सर्ट आणि टी दाबून शीर्षक ऐका, त्यात ‘रीड ओन्ली’ असेल तर हात आवरा. ‘नोटिफाय’ निवडलंत तर ती मोकळी झाल्यावर एक्सेल स्वतः सांगतं. तेव्हा ‘रीड-राइट’ घ्यायचं. तोवर स्टाफरूममध्ये कुणी फाइल उघडी ठेवून तासावर गेलंय ते विचारून या.