मित्रासाठी थांबलो, एसआर गेलं, आणि आता मित्रच टाळतोय

प्रश्न : ताई, मी नाशिकचा, वय २८, सातपूरला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. मी आणि माझा मित्र चार वर्षं सोबत सायकल चालवतोय. यंदा एसआर, म्हणजे सुपर रँडोनियर हा किताब, करायचं ठरलं होतं, त्यासाठी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चारही बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब राइड, एकाच सीझनमध्ये. तीन झाल्या. ६०० ला ४० तास मिळतात. परत येताना राहुड घाट चढून चांदवडला पोचलो आणि याला उलट्या सुरू झाल्या, उभंही राहता येईना. नाशिक ६५ किलोमीटरवर, हातात साडेपाच तास, आरामात बसलो असतो वेळेत. तो म्हणत होता तू जा, मी नाही गेलो, तीन तास ढाब्यावर थांबलो आणि मग त्याच्या सोबत हळूहळू आलो. ४० तास ३५ मिनिटं. दोघांचंही एसआर गेलं. कंपनीतले म्हणतात वेडा आहेस का, त्याला ढाब्यावर झोपवून यायचं ना. त्याला मी काही नाही रे सोड म्हणत राहिलो, पण एकदा फोनवर तोंडातून निघून गेलं, तुझ्यामुळे गेलं. तेव्हापासून तो रविवारी राइडला येत नाही, मेसेजला उत्तर नाही. मी चुकलो का?

उत्तर : थांबलास ते अगदी बरोबर केलंस रे, त्यात मला जरासुद्धा शंका नाही. उलट्यांनी अंगातलं पाणी आणि मीठ गेलेला माणूस, दोन दिवसांची झोप नाही, अंधार पडत आलेला आणि बाजूने आग्रा हायवेचे ट्रक. अशा माणसाला सोडून कोणी वेळेत नाशिकला पोचला असता तर त्याचं ब्रेव्हे कार्ड, म्हणजे राइडच्या नोंदीचं कार्ड, पास झालं असतं, पण पुढच्या प्रत्येक राइडला चांदवड आलं की त्याच्या पोटात काय झालं असतं ते तूच सांग.

पण तुला दुःख झालंय हेही खरं आहे आणि ते तू लपवलंस, माझ्या मते गाडी तिथे अडलीये. अशा वेळी लोक टोकियोचं उदाहरण देतात, २०२१ मध्ये उंच उडीत बार्शिम आणि टांबेरी दोघंही २.३७ मीटरवर थांबले आणि दोघांनी गोल्ड वाटून घेतलं. फार सुंदर क्षण होता तो, मला आजही बघितला की भरून येतं. पण तुझ्याशी तो जुळत नाही, कारण तिथे कोणाचंच काही गेलं नाही, दोघांनाही गोल्ड मिळालं. तुझं गेलंय.

मला त्यापेक्षा १९३६ च्या बर्लिनमधले दोन जपानी पोल व्हॉल्टर जवळचे वाटतात, शुहेई निशिदा आणि सुएओ ओए. दोघांचीही उडी ४.२५ मीटर, आणि दुसरा-तिसरा ठरवायला एकमेकांविरुद्ध पुन्हा उडी मारायला दोघांनी नकार दिला. मग सिल्व्हर निशिदाला गेलं आणि ओएला ब्राँझ. म्हणजे बघ, इथे एकाच्या वाट्याला खरंच कमी आलं. यांनी काय केलं, जपानला परतल्यावर दोन्ही पदकं मधोमध कापून घेतली आणि जोडली, प्रत्येकाकडे अर्धं सिल्व्हर अर्धं ब्राँझ. ओए १९४१ मध्ये युद्धात मारला गेला, त्यामुळे ते अर्धं-अर्धं पदक त्याच्याकडे फार वर्षं राहिलं नाही, पण ज्याला कमी मिळालं होतं तो ते कमीपण एकट्याने उचलून फिरला नाही.

तू मात्र एकट्याने उचलून फिरतोयस. दिवसा काही नाही रे म्हणायचं आणि रात्री कुढायचं, मग एक दिवस ते तुझ्यामुळे असं बाहेर पडतं आणि समोरच्याला वाटतं की ढाब्यावरच्या त्या तीन तासांचं बिल आलं. त्याने आजारी पडायचं ठरवलं नव्हतं आणि तू थांबावंस असंही त्याने म्हटलं नव्हतं, उलट जा म्हणाला होता, थांबायचं तू ठरवलंस. हे त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे. आणि त्याच दमात हेही सांग की एसआर गेल्याचं मला खूप लागलंय. त्याचंही गेलंय की, त्याचं दुःख कोणी विचारलं का? तू सुद्धा प्रश्नात एकच ओळ लिहिलीस त्यावर.

कंपनीतल्यांचं मनावर घेऊ नकोस. आपल्याच नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेतली रॅम, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत, पूर्ण केली ती दोघांची टीम म्हणून, एक थकला की दुसरा सायकलवर. त्या दोघा भावांना सांगून बघ की अर्ध्यात जोडीदाराला सोडायचं होतं.

फोन नको करू आता, मेसेजही नको. रविवारी पहाटे सायकल घेऊन थेट त्याच्या दारात उभा राहा, आईंना हाक मार, त्या उठवतील त्याला. अंजनेरीपर्यंत जाऊन या, हळू चालवा, येताना मिसळ खायला थांबाल तेव्हा बोल. नव्या सीझनच्या २०० चा विषय त्याने काढला तरच काढ. आणि काय झालं ते मला नक्की कळव, वाट बघतेय.