न्यायाचा दिवस कधी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शेवटचा न्याय, म्हणजे जगाच्या शेवटी प्रभू येशू परत येऊन सर्वांचा करणार तो न्याय, याविषयी तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाच्या व्हिडिओवरून २३-२४ तारखेला प्रभू आपल्या लोकांना वर घेऊन जाणार अशी आवई जगभर उठली. तारीख आली आणि गेली, पण आपल्याकडचे फॉरवर्ड काही थांबलेले नाहीत. मी सेमिनरीत हाच विषय शिकवतो आणि रविवारी उपासना चालवतो, त्यामुळे पत्रे माझ्याकडे येतात. वाचकांत मराठी प्रोटेस्टंट आहेत, वसई-बांद्र्याचे कॅथलिक आहेत, घरगुती प्रार्थनासंगतींत जाणारेही आहेत. म्हणून मंडळ्यांचे एकमत नसेल तिथे कोण काय मानते ते सांगेन आणि माझे मतही लपवणार नाही.

प्रश्न (भायखळा): आमच्या ग्रुपवर एका पास्टरांचा व्हिडिओ आला आहे. यहुद्यांच्या सणांचा हिशेब मांडून त्यांनी प्रभूच्या येण्याचा महिना काढला आहे. तो खरा मानावा का?

नाही. मत्तय २४:३६ वाचा: तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. व्हिडिओ पुढे पाठवू नका.

प्रश्न (शिवडी): आई वारली. तिचा न्याय झाला, की ती शेवटच्या दिवसापर्यंत थांबून आहे? फादर एक सांगतात आणि माझ्या पेंटेकोस्टल मावशी दुसरेच.

ताई, तुमचा प्रश्न मंडळीइतकाच जुना आहे. त्यावर एकदा खुद्द पोपमहाशयांनाच माघार घ्यावी लागली होती. १३३१ साली आविन्यों इथे पोप जॉन बाविसावे यांनी प्रवचनांतून सांगितले, की मेलेल्या संतांनासुद्धा शेवटच्या न्यायापूर्वी देवाचे पूर्ण दर्शन होत नाही. पॅरिसच्या धर्मपंडितांनी कडाडून विरोध केला. १३३४ मध्ये मरणापूर्वी पोपनी आपले म्हणणे मागे घेतले. १३३६ साली त्यांच्यानंतरचे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी हा वाद मिटवला. तेव्हापासून कॅथलिक मंडळीची शिकवण स्पष्ट आहे: मरणानंतर लगेच प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय होतो आणि जगाच्या शेवटी सर्वांचा एकत्र न्याय होतो. शेवटच्या न्यायात पहिला निकाल फिरत नाही, तो सर्वांसमोर उघड होतो, आणि देहाचे पुनरुत्थान तेव्हाच होते. शुद्धीस्थान, म्हणजे स्वर्गात जाण्यापूर्वी आत्म्याची शुद्धी होण्याची अवस्था, या दोहोंच्या मधे येते.

बहुतेक प्रोटेस्टंट शुद्धीस्थान मानत नाहीत, पण विश्वासी माणूस मरताच प्रभूजवळ जातो हे मानतात. त्यांचा आधार येशूने वधस्तंभावरच्या चोराला दिलेले वचन, 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील', लूक २३:४३. अॅडव्हेंटिस्ट मंडळीच्या मते मृत झोपेत असतात आणि पुनरुत्थानाच्या वेळी जागे होतात. मावशींचे म्हणणे नेमके काय आहे ते त्यांच्याच पाळकांना विचारा, कारण पेंटेकोस्टल म्हटले की सगळ्यांचे मत एक असे नसते.

मी इतकेच म्हणेन की इब्री ९:२७ मध्ये मरण आणि त्यानंतर न्याय असा क्रम दिला आहे, मधल्या काळाचे मोजमाप दिलेले नाही. तुमची आई देवाच्या हातात आहे, यावर वरीलपैकी कोणाचेही दुमत नाही. २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावायला मावशी सोबत आल्या तर त्यांना येऊ द्या. तिथे वाद नको.

प्रश्न (मालाड): आधार कार्ड आणि क्यूआर कोड ही प्रकटीकरणातली ६६६ ची खूण आहे का?

नाही. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायातली खूण देवाविरुद्ध उठलेल्या श्वापदाची भक्ती करणाऱ्यांवर असते. रेशन किंवा बँकेसाठी दिलेला नंबर म्हणजे भक्ती नव्हे. मुलांचे आधार काढायचे थांबवले असेल तर या आठवड्यात काढून घ्या. शाळाप्रवेशाच्या वेळी धावपळ होते.

प्रश्न (कुर्ला): माझे माहेर सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). तिथे "जिवंतांचा व मृतांचा न्याय करावयास येईल" एवढेच शिकले. सासरच्या चर्चमध्ये आधी रॅप्चर (विश्वासी लोक वर उचलले जाणे), मग सात वर्षांचे महासंकट, मग हजार वर्षांचे राज्य आणि त्यानंतर न्याय, असा तक्ता भिंतीवर लावला आहे. मूळचे कोणते?

उपासनेत म्हणायच्या विश्वासांगीकारातले ते एक वाक्य मूळचे आहे. तक्ता बराच अलीकडचा आहे.

वाद प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायाभोवती आहे. तिथे हजार वर्षांचा उल्लेख येतो आणि त्यानंतर न्यायाचे मोठे पांढरे राजासन दिसते. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर आणि इरेनियस या मंडळीच्या सुरुवातीच्या लेखकांनी ती हजार वर्षे अक्षरशः घेतली: प्रभू आधी येईल, राज्य करील, मग शेवटचा न्याय होईल. जस्टिननेच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे, की पुष्कळ चांगले ख्रिस्ती लोक त्याच्यासारखे मानत नाहीत. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने वेगळी मांडणी केली. तोही आधी अक्षरशः अर्थ मानत असे, पुढे त्याने तो सोडला. त्याच्या मते हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून शेवटापर्यंत चाललेला मंडळीचा काळ. मग पुन्हा येणे, पुनरुत्थान आणि न्याय हे सर्व शेवटी एकदाच. कॅथलिक, लूथरन आणि बरेच रिफॉर्म्ड लोक आजही याच वाटेवर आहेत.

तिसरे मत म्हणजे सुवार्तेच्या प्रसाराने जग हळूहळू बदलेल आणि त्यानंतर प्रभू येईल. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल मुंबईत उतरले, त्या काळच्या मिशन चळवळीत ही आशा फार जोरात होती. आपल्याकडच्या जुन्या शाळा आणि दवाखाने उभे राहण्यामागे तिचाही वाटा आहे, हे आपण विसरतो.

महासंकटाच्या आधी विश्वासी लोक गुपचूप उचलले जातील आणि न्याय निरनिराळ्या टप्प्यांत होईल, ही मांडणी १८३० च्या दशकात ब्रदरन पंथाच्या जॉन नेल्सन डार्बी यांनी रूढ केली. १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलमधल्या टिपांमुळे ती घरोघर गेली. टिपा वचनांच्या खालीच छापलेल्या असल्याने वाचणाऱ्याला त्याही शास्त्रवचनच वाटू लागल्या. माझा कल ऑगस्टीनकडे आहे. पण सासरचे लोक खोटे शिकवतात असे मी म्हणणार नाही. विश्वासी लोक प्रभूला भेटायला ढगांत उचलले जातील असे सांगणारे १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ ते गंभीरपणे वाचतात, आणि प्रभू येणार व न्याय करणार हे तुमच्याइतकेच मानतात. तक्त्यावरून घरात भांडण होत असेल तर दोन्हीकडच्या पाळकांना एकदा चहाला बोलवा. त्यांच्यासमोर विचारा, नवऱ्यामार्फत नको.

प्रश्न (विक्रोळी): वडील निवृत्त गिरणी कामगार. एका प्रार्थनासंगतीत जातात. तिथल्या प्रमुखांनी सांगितले आहे की वेळ फार थोडा उरला आहे. फंडाचे बरेचसे पैसे वडिलांनी देऊन टाकले, आता राहत्या खोलीचे बक्षीसपत्र करायचे म्हणतात. मधुमेहाच्या गोळ्याही बंद केल्या. काही बोललो की म्हणतात, तुझा विश्वास कमी आहे.

इतर सर्व पत्रांपेक्षा या पत्राची मला जास्त काळजी वाटते, आणि असे पत्र हे पहिले नाही.

सर्वांत आधी गोळ्या. आजच डॉक्टरांकडे न्या, रक्तातली साखर तपासून घ्या. शिकवणीचा वाद नंतर करता येईल. प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते, आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. औषध घेणे म्हणजे विश्वास सोडणे असे पवित्र शास्त्रात कुठेही नाही. असे सांगणाऱ्याला वचन दाखवायला सांगा.

दुसरे, खोली. बक्षीसपत्र नोंदवून झाले आणि समोरच्याने ते स्वीकारले, की नंतर मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही. सही करण्यापूर्वी वडिलांना घेऊन स्वतंत्र वकिलाकडे जा. संगतीने सुचवलेला वकील चालणार नाही. चाळ पुनर्विकासात असेल तर सोसायटीच्या कार्यालयातही विचारा, कारण अशा वेळी खोलीची किंमत काय होते हे मागणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

आता शिकवण. तारीख सांगणारे आणि "तारीख सांगत नाही, पण वेळ थोडा आहे" म्हणत पावतीपुस्तक पुढे करणारे, हे मला सारखेच वाटतात. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम मिलर या बाप्टिस्ट शेतकऱ्याने दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे असा हिशेब मांडला. त्यावरून शेवटी प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. काही शेतकऱ्यांनी पीक शेतातच उभे ठेवले. रात्र सरली, सकाळ झाली. मिलर निदान प्रामाणिक होता, त्याने त्यात पैसा केला नाही. पुढे तेही राहिले नाही. २८ ऑक्टोबर १९९२ ला प्रभू येणार असे दक्षिण कोरियात एका पंथाने जाहीर केले. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरे विकली. पंथाच्या प्रमुखाने मात्र त्या तारखेनंतर मुदत संपणारे रोखे घेऊन ठेवले होते. फसवणुकीबद्दल त्याला तुरुंगात जावे लागले. २०११ साली अमेरिकेत हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून २१ मे ही तारीख दिली. न्यूयॉर्कच्या एका निवृत्त वाहतूक कर्मचाऱ्याने आयुष्यभराची १,४०,००० डॉलरची पुंजी त्या तारखेच्या जाहिरातींत घातली. सांगितलेली वेळ होती संध्याकाळी सहाची. सहा वाजून गेले तेव्हा तो टाइम्स स्क्वेअरमध्ये गर्दीत उभा होता, आणि काय झाले ते त्याला कळेना. कॅम्पिंग यांनी मग २१ ऑक्टोबर ही तारीख दिली. पुढल्या वर्षी त्यांनी चूक कबूल केली, पण लोकांचे गेलेले पैसे गेलेच.

पौलाच्या काळी ग्रीसमधल्या थेस्सलनीका इथेही हेच झाले होते. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे अशी बातमी उठली आणि काहींनी कामधंदा सोडला. पौलाने तिथल्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आधी सांगितले, की आत्म्याने, वचनाने किंवा आमच्या नावच्या पत्राने कोणी काही म्हटले तरी घाबरू नका. आणि नंतर सांगितले, की ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊ नये. शेवट जवळ आहे म्हणून घरे लिहून द्या, असे त्याने कोणालाही सांगितले नाही.

वडिलांपाशी बसा आणि २ थेस्सलनीकाकरांसचे तिन्ही अध्याय त्यांच्याबरोबर मोठ्याने वाचा. वाद घालू नका. संगतीच्या प्रमुखांना दोन प्रश्न लेखी विचारायला सांगा: संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, आणि हिशेबाचे ऑडिट कोण करते? उत्तर टाळले तर तुमच्या भागातल्या मोठ्या मंडळीच्या पाळकांना सोबत घ्या. धमकी आली तर पोलीस ठाण्यात जा. उशीर करू नका. लोक सही झाल्यावर माझ्याकडे येतात आणि तेव्हा माझ्या हातात काही उरत नाही.

प्रश्न (मुलुंड): आमचे अॅडव्हेंटिस्ट शेजारी म्हणतात की न्याय १८४४ पासूनच सुरू आहे. म्हणजे काय?

वर सांगितलेल्या मिलरच्या निराशेनंतर काही अनुयायांनी असा अर्थ लावला, की त्या दिवशी ख्रिस्त पृथ्वीवर आला नाही, तर स्वर्गातल्या पवित्रस्थानात न्यायाच्या तपासणीचे काम सुरू झाले. १८६३ साली संघटित झालेल्या सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीची ही अधिकृत शिकवण आहे. इतर मंडळ्या ती मानत नाहीत, मीही मानत नाही. येण्याची नवी तारीख मात्र ती मंडळी देत नाही. अधिक जाणून घ्यायचे तर त्यांच्याच पाळकांना भेटा, शेजाऱ्यांविषयी ऐकीव गोष्टी पसरवू नका.

प्रश्न (माहीम, कॉलेजचा विद्यार्थी): "हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही" असे येशू म्हणाला. ती पिढी तर गेली. मग?

मत्तय २४:३ पाहा. शिष्य एका दमात मंदिर कधी पडेल आणि जगाचा शेव​ट कधी, असे दोन्ही विचारतात. इ. स. ७० मध्ये तीतच्या रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले. ते त्याच पिढीने पाहिले. म्हणून ३४व्या वचनापर्यंतचा मोठा भाग त्या नाशाविषयी आहे आणि ३६व्या वचनापासून "त्या दिवसाविषयी" बोलणे सुरू होते, असे वाचणारे अनेक आहेत. मला ते पटते. दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंफल्या आहेत असे वाचणारेही आहेत. मात्र सगळेच ७० मध्ये उरकले, पुनरुत्थानसुद्धा, असे कोणी सांगितले तर २ तीमथ्य २:१८ दाखव, तिथे पुनरुत्थान होऊन गेले म्हणणारे सत्यापासून बहकले असे म्हटले आहे. तुझी शंका प्रामाणिक आहे, तुझ्या पाळकांना जरूर विचार. त्यांनी रागावून गप्प केले तर मला लिही.

प्रश्न (दादर): दफनाला जागा नाही. दहन केले तर शेवटच्या दिवशी उठणार कसे?

मातीतला देहही मातीच होतो, देवाला दोन्ही सारखेच. कॅथलिक मंडळीने १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे, पण अस्थी-राखेचे काय करायचे याचे नियम आहेत. ते आधी फादरना विचारा.

प्रश्न (घाटकोपर): सुट्टीतल्या शिबिरात रॅप्चरचा सिनेमा दाखवला. नऊ वर्षांची मुलगी रात्री उठून आम्ही घरात आहोत का ते पाहते.

मुलांना असे सिनेमे दाखवू नयेत, हे शिबिर चालवणाऱ्यांना समक्ष जाऊन सांगा. झोपताना तिच्याबरोबर योहान १४:१ ते ३ वाचा. प्रभू आपल्याला न्यायला येतो, आईबाबांपासून तोडायला नाही, हे तिला साध्या शब्दांत सांगा. काही दिवस दिवा चालू ठेवून तिला तुमच्या खोलीत झोपवा. भीती दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, किंवा शाळेत जायला ती नको म्हणू लागली, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि त्यांच्याकडून समुपदेशकाचे नाव घ्या. केवळ प्रार्थना करून थांबू नका.