पुण्यात बनलेला ‘राजी’ हा गेम घ्यावा का? रिव्ह्यू फारच उलटसुलट आहेत

प्रश्न: सेलमध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ स्वस्तात मिळतोय. कुणी दहापैकी आठ देतंय, कुणी पाच. नक्की काय समजायचं? आणि आपल्याकडे बनला म्हणून त्याला उगाच डोक्यावर घेतलंय का?

उत्तर:

घ्या. फक्त २०२२ साली आलेली सुधारित आवृत्ती, म्हणजे ‘एन्हान्स्ड एडिशन’ घ्या, आणि शक्यतो टीव्हीला जोडून खेळा. मी पहिल्यांदा दोन्ही बाबतींत नेमकं उलटं केलं होतं.

हा गेम १८ ऑगस्ट २०२० ला आधी निन्टेन्डो स्विचवर (हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र) आला. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाल्यांना १५ ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. माझ्या धाकट्या भावाकडे स्विच होता, तो मी लॉकडाउनमध्ये ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून आणला आणि दिवाळीनंतर परत केला. रात्री जेवणं आटोपली की पलंगावर आडवं पडून तेवढ्याशा पडद्यावर खेळायचे. पहिल्या दिवशी वाटलं, काय देखणं काम आहे! तिसऱ्या दिवशी कंट्रोलर भिंतीवर फेकावासा वाटला. म्हणजे तुम्ही वाचलेले आठवाले आणि पाचवाले दोघंही मीच होते. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही असं धरून चालते. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी अनाथ भावंडं. असुर येतात, मुलांना पळवतात, त्यात गोलूही जातो. दुर्गा राजीला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचं शार्ङ्ग धनुष्य मिळतं, ढाल-तलवार मिळते, आणि राजी भावाच्या मागावर असुरांचा राजा महाबलासुर ह्याच्यापर्यंत जाते. बनवणारी कंपनी पुण्याची, नॉडिंग हेड्स गेम्स. अगदी छोटी टीम. लोकांकडून पैसे जमवायची त्यांची किकस्टार्टर मोहीमसुद्धा फसली होती, तरी काम चालू ठेवलं.

आता मुख्य मुद्दा. ह्या गेममध्ये कॅमेरा तुमच्या हातात नसतो. हल्लीच्या बहुतेक गेममध्ये उजव्या अंगठ्याने कॅमेरा फिरवता येतो, इथे नाही. तो वर, लांब, तिरका कुठेतरी टांगलेला असतो आणि राजी चालेल तसा आपला आपण सरकतो. राजी एखाद्या कड्याशी येते, कॅमेरा सावकाश मागे जातो आणि अख्खा किल्ला समोर उलगडतो: छत्र्या, झरोके, पायऱ्यांच्या ओळी, खाली धुकं, आणि त्यात राजी मुंगीएवढी. राजस्थानातल्या एखाद्या गडावर टूर गाइडची कटकट नसताना पहाटे एकटं उभं राहावं, तसं वाटतं. विष्णूच्या हिरण्यनगरीत पोहोचता तेव्हा रंगच बदलतात. पहाडी शैलीतली लघुचित्रं पाहिली असतील तर तो सपाट, निवांत रंग लगेच ओळखू येईल. कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात असता तर ही दृश्यं अशी बांधता आली नसती, कारण आपण सगळे कॅमेरा सतत जमिनीकडे वळवून खोके शोधत बसतो. मी तरी बसते.

पण त्याच लांबच्या कॅमेऱ्यातून उडी मारायची असते. समोरचा कठडा अगदी समोर आहे की हातभर आत, ते कळतच नाही. मी उडी मारली, राजी दरीत. पुन्हा, पुन्हा दरीत. चौथ्यांदा मी राजीकडे न बघता तिची सावली कुठे पडतेय ते बघून मारली, तेव्हा जमलं. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर ‘कॉन्ट्रा’ खेळलेली मी बाई आहे, मरायची मला सवय आहे. पण ‘कॉन्ट्रा’त बहुतेक सगळं आडवं, एका रेषेत. मेलं की चूक कुणाची ते स्वच्छ कळायचं. इथे चूक माझी की चित्राची, ह्याचा निकाल लागत नाही, आणि माणूस चिडतो तो त्याला.

लढाईचंही तेच. चाली छान सुचल्या आहेत. राजी कसरती करणारी मुलगी असल्यामुळे ती भिंतीवर धावत जाऊन वरून त्रिशूळ आदळते, खांबाला धरून गरकन फिरते आणि भोवतालच्या सगळ्यांना झोडपते. ती काम काय करते आणि लढते कशी, ह्याचा मेळ घातलाय. मोठमोठ्या कंपन्यांना हे सुचत नाही. तिथे शिंप्यापासून शिपायापर्यंत सगळे एकाच पद्धतीने तलवार फिरवतात. पण मूळच्या आवृत्तीत एकदा वार सुरू केला की तो संपेपर्यंत राजी ऐकायची नाही. असुर हात उगारतोय हे दिसतंय, बाजूला व्हायचं बटण दाबलंय, आणि बाईसाहेब आधीचा वार पुरा करतायत. त्यात कॅमेरा लांब असल्याने सहा-सात असुरांच्या घोळक्यात आपली राजी कोणती हेच हातातल्या छोट्या पडद्यावर दिसायचं नाही. सुधारित आवृत्तीत लढाई बरीच सुटसुटीत झालीय. कॅमेरा मात्र अजूनही आपल्या हातात नाही, आणि ते तसंच राहणार, कारण सगळा गेम त्याच्याभोवती बांधलाय.

म्हणून ‘ग्राफिक्सला नऊ, गेमप्लेला सहा’ असे कप्पे पाडून दिलेले गुण मला ह्या गेमच्या बाबतीत निरुपयोगी वाटतात. ते नऊ आणि ते सहा एकाच निर्णयातून आलेत. तुम्हाला त्या दृश्यासाठी ती उडी चालणार आहे का, हा खरा प्रश्न. आठवाल्यांना चालली, पाचवाल्यांना नाही. खोटं कुणीच बोलत नाहीये.

आकड्यांचं निघालंच आहे तर थोडं विषयांतर. मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या रिव्ह्यूंच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या साइटवर, ‘राजी’ सत्तरीच्या आसपास आहे. शाळेत सत्तर टक्के म्हणजे पेढे वाटत नसले तरी घरी रागावत नव्हते. गेमच्या दुनियेत सत्तर म्हणजे ‘राहू दे’. मेटाक्रिटिक गेमना ७५ पासून वर हिरवा रंग देतं, ५० ते ७४ पिवळा. लोक नुसता पिवळा चौकोन बघतात आणि पुढे सरकतात. शिवाय ती सरासरी साधी नसते. कुणाच्या रिव्ह्यूला किती वजन दिलंय हे ते सांगत नाहीत. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ हा २०१० चा गेम आठवतो? बनवणाऱ्या ऑब्सिडियनला ८५ गुण पडले तर बोनस मिळणार होता. पडले ८४. आज तो गेम लोक किती प्रेमाने आठवतात ते तुम्हीच शोधून बघा. मी धंद्याने हिशेबनीस आहे, दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर माझं पोट चालतं, आणि तरी सांगते, गेम घेताना हा आकडा बघू नका. रिव्ह्यूतला तक्रारीचा परिच्छेद तेवढा वाचा आणि ‘हे मला खुपेल का’ एवढंच स्वतःला विचारा.

बाकीचं झटपट. कोडी सोपी आहेत, फारच सोपी. दगडी चकत्या फिरवून चित्र जुळवायचं. लहानपणी जत्रेत मिळणारं चौकटीतलं सरकतं कोडं सोडवलेल्या माणसाला दोन मिनिटं पुष्कळ झाली. पण भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबा. राजी त्यांच्याविषयी बोलते, महिषासुराची, विष्णूच्या अवतारांची गोष्ट सांगते. मधली कथानकाची दृश्यं सावल्यांच्या बाहुल्यांसारखी आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिल्या असतील तर त्या आठवतील. पैसा कमी आहे म्हणून हा मार्ग घेतला असेल तर तो फार हुशारीने घेतलाय. महागडी हलती चित्रं करायला गेले असते तर हसं झालं असतं.

आवाजांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गोष्ट सांगणारे दोन सूत्रधार आहेत, दुर्गा आणि विष्णू. संगीत नाटकात सूत्रधार आणि नटी येऊन बोलायचे आणि निघून जायचे. हे दोघं जातच नाहीत. राजी पूल ओलांडते, हे म्हणतात तिने पूल ओलांडला. राजी घाबरली, हे म्हणतात ती घाबरली असेल. अहो, दिसतंय आम्हाला. त्यात सुरुवातीला सगळं इंग्रजीत होतं, आणि दुर्गेच्या तोंडी ते घोटीव इंग्रजी ऐकताना मला कायम विमानतळावरची सूचना ऐकल्यासारखं वाटायचं. सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आलेत. बडबड तेवढीच, पण कानाला खटकत नाही.

शेवट. फोडत नाही, फक्त तयार राहा. चार-पाच तास झाले की आता कुठे खरं सुरू होतंय असं वाटतं आणि पडदा पडतो. मालिकेचा शुक्रवारचा भाग असावा तसा. लांबी कमी असल्याबद्दल माझी तक्रार नाही. नोकरी आणि घर सांभाळून मला पाच तासांचा गेम साठ तासांच्या गेमपेक्षा कधीही चालेल. तक्रार ही की तो संपत नाही, थांबतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आपला म्हणून डोक्यावर घेतलंय का. थोडं घेतलंय. ‘द गेम अवॉर्ड्स २०२०’ मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन होतं (बक्षीस ‘फॅस्मोफोबिया’ला गेलं), तेव्हा आपल्याकडे न खेळलेले लोकही छाती फुगवून पोस्ट टाकत होते. आणि गंमत म्हणजे बाहेरच्यांनीही एका अर्थाने झुकतं माप दिलं. परदेशी रिव्ह्यूंमध्ये ‘कधी न ऐकलेल्या कथा’ ह्याचं केवढं अप्रूप! आपल्याला महिषासुरात काय नवीन? आजीने सांगितलेली, नवरात्रात दरवर्षी ऐकलेली गोष्ट. म्हणजे कथेच्या नवेपणाचे जे गुण त्यांनी दिले, ते तुम्ही सरळ वजा करा.

असं मी ठामपणे म्हणत होते, आणि मग गेल्या मे महिन्यात माझी अकरा वर्षांची भाची सुट्टीला आली. तिला सुधारित आवृत्ती टीव्हीवर लावून दिली. ग्रीक देव आणि जपानी भुतं तिला तोंडपाठ, कुणाचं शस्त्र कोणतं ते झोपेत सांगेल. त्रिशूळ हातात आल्यावर तिने गेम थांबवला आणि मला विचारलं, “मावशी, हा आपला त्रिशूळ आहे? म्हणजे घरातल्या देवीचा?” म्हटलं हो. ती उठून देव्हाऱ्यातल्या तसबिरीत बघून आली, “सेम आहे” म्हणाली आणि पुढे खेळायला लागली. उड्यांना तीही चिडली. वीसेक वेळा दरीत गेली असेल. पण वजा केलेले गुण मला थोडे परत द्यावे लागले.

तरीही आपला म्हणून दोष झाकू नका. उडीचं अंतर कळत नाही हे पुण्यातल्या गेमलाही तितकंच लागू आहे जितकं निन्टेन्डोच्या गावच्या, क्योटोतल्या गेमला.

तुम्हाला लढाईच हवी असेल, बटणांची करामत, अचूक वेळ साधणं, तर हे पैसे ‘हेडिस’वर घाला. तोही २०२० चाच, तोही वरूनच दिसतो, आणि लढाईत तो ‘राजी’ला कुठल्या कुठे मागे टाकतो. दोन निवांत संध्याकाळी एखादी सुंदर जागा फिरून यायची असेल तर ‘राजी’ घ्या.

आणि घेतलात तर: आवाज हिंदी ठेवा, गर्दीत सापडलात की आधी जवळचा खांब शोधा, आणि उडी मारताना राजीकडे नाही, सावलीकडे बघा.