पार्किन्सनच्या संशोधनात भौतिकशास्त्राच्या माणसाचं काय काम?

भरपूर काम आहे, आणि जीवशास्त्र बारावीत सोडलं असलं तरी अडत नाही.

अल्फा-सायन्यूक्लीन हे प्रथिन घ्या. 140 अमिनो आम्लांची साखळी. पाण्यात तिला ठरावीक घडी नसते, सुटलेल्या दोऱ्यासारखी. ऋणभारित लिपिडांच्या (मेदासारख्या रेणूंच्या) पटलावर, म्हणजे पातळ थरावर, बसली की तिचा बराचसा भाग मळसूत्रासारखा वळतो. आणि पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत हेच प्रथिन चिवट तंतू होऊन साचलेलं सापडतं. 1997 साली हे उघड झालं. एकच साखळी, तीन रूपं. कधी कुठलं रूप घ्यायचं हे ऊर्जा, विद्युतभार आणि गर्दी ठरवतात. म्हणजे तुमचाच विषय.

पटलाचा हिशेब तर मजेशीर आहे. लिपिड भरपूर असेल तर प्रथिनं ऐसपैस बसतात, तंतू फारसे होत नाहीत. जागा कमी पडली की लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी दाटी होते आणि काही लिपिडांवर तंतू झपाट्याने बनतात.

प्रयोगशाळेत हे बघायला नळीत थायोफ्लेविन-टी नावाचा रंग घालतात. तंतूंना चिकटला की तो चमकतो. कित्येक तास आलेख सपाट, तुम्ही दोनदा चहा पिऊन येता, आणि मग रेष एकदम वर चढते. त्या वळणाला गणिती समीकरण बसवणं, हे घ्या तुमचं काम. शिवाय एनएमआर (अणुकेंद्रांच्या चुंबकत्वावरून रेणूची रचना ओळखणं), फ्लुरोसन्स (रेणूंची चमक मोजणं), क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक (गोठवलेले नमुने इलेक्ट्रॉनांनी बघणारा) ही भौतिकशास्त्राची साधनं आहेतच.

फक्त पिपेट (थेंबथेंब द्रव मोजून घ्यायची नळी) धरायला आधी शिका. आम्हा भौतिकवाल्यांचे हात तिथेच थरथरतात.