ज्या फोनसाठी कुणीच रॉम बनवलेला नाही, त्यावर आपण स्वतः लिनेजओएस पोर्ट करू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की फोन बरा आहे, कंपनीनं अपडेट बंद केलंय, त्याच्यासाठी कुणी रॉम (कंपनीच्या सिस्टमऐवजी टाकायची बदली सिस्टम) बनवलेला नाही आणि तुम्हाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येते. तर लिनेजओएस, म्हणजे अँड्रॉइडची मुक्त आवृत्ती, त्यावर चालेल अशी बनवणं (पोर्ट करणं) घरी जमेल का, आणि किती दिवस लागतील?

जमेल. पण ते तुमच्या सीपेक्षा कंपनीनं काय उघडं केलंय यावर जास्त अवलंबून आहे. मी इंदूरचा, दिवसा हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. २०१९ च्या गणपतीत आईच्या फोनवर हा उद्योग सुरू केला. दिवाळीपर्यंत करून देतो म्हणालो होतो, झालं संक्रांतीला. आणि मी तसा नशीबवान होतो.

काहीही उतरवून घेण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टम चढवणारा छोटा प्रोग्रॅम, अनलॉक होतो का. काही कंपन्या परवानगीच देत नाहीत, मग विषय तिथेच संपला. दोन, कर्नलचा, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या सिस्टमच्या गाभ्याचा, सोर्स कोड मिळतो का. अँड्रॉइडचा लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, म्हणजे तो फोनमध्ये घालून विकणाऱ्यानं सोर्स द्यायलाच हवा. प्रत्यक्षात कुणी देतं, कुणी पहिल्या अपडेटचा टाकून हात झटकतं, कुणी मेलला उत्तरही देत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुमचा फोन अँड्रॉइड ८ किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊन बाजारात आला असेल, तर आधी जीएसआय, म्हणजे सगळ्या फोनांसाठी एकच बनवलेली तयार सिस्टम, टाकून बघा. २०१७ मध्ये अँड्रॉइडमध्ये ट्रेबल नावाची रचना आली तेव्हापासून कंपनीचा भाग वेगळ्या व्हेंडर पार्टिशनमध्ये (स्टोरेजच्या कप्प्यात) राहतो, आणि वरची सिस्टम सगळ्यांसाठी एकच बनवलेली चालू शकते. एका संध्याकाळचं काम आहे, कॅमेरा-ब्लूटूथ थोडं रुसेल. आईचा फोन ७.१ वर आला होता, त्यामुळे माझ्यासाठी ही वाट बंद होती.

पोर्टिंग म्हणजे नवी सिस्टम लिहिणं नव्हे. वरचं अँड्रॉइड तयारच असतं. खाली कर्नल, मध्ये डिव्हाइस ट्री, म्हणजे त्या फोनपुरत्या सेटिंगच्या फायली, आणि शिवाय ब्लॉब, म्हणजे मॉडेम, कॅमेरा, जीपीयू यांच्या बंद लायब्रऱ्या. त्यांचा सोर्स कधीच मिळत नाही, त्या कंपनीच्या जुन्या फर्मवेअरमधून, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमधून, उचलाव्या लागतात. डिव्हाइस ट्री कोऱ्या पानावरून कुणी लिहीत नाही. त्याच चिपचा, आधीच चालणारा फोन शोधायचा आणि थोरल्याचा सदरा धाकट्याच्या मापाचा करायचा. आईच्या फोनमध्ये स्नॅपड्रॅगन ६२५ होती, तीच रेडमी नोट ४ मध्ये. त्याचं ट्री घेतलं, पार्टिशनचे आकार बदलले, फिंगरप्रिंटचा ड्रायव्हर बदलला. तुमची चिप अशी गाजलेली नसेल तर माझ्या साडेचार महिन्यांच्या दुप्पट धरा.

आईच्या फोनवर थेट प्रयोग नको म्हणून जेल रोडवरून तोच मॉडेल जुना घेतला. दुकानदार म्हणाला, "भिया, इसका तो अब कवर भी नहीं आता." त्या फोनवर तीन आठवड्यांत बूट झालं. रात्री बिल्ड (सोर्सपासून सिस्टम तयार करणं) लावायचं, सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खायचा, परत येऊन बघायचं की ते कुठल्या एररवर मेलंय. एका रात्री मेलं नव्हतं. घरातले सगळे झोपले होते, सांगायला कुणी नाही.

मग तोच बिल्ड आईच्या फोनवर टाकला. स्क्रीन काळी. लिनेजचा लोगोसुद्धा नाही. वाटलं झाली वीट (कायमच्या मेलेल्या फोनला असंच म्हणतात), आता तिच्यावर विठोबासारखं कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. पण केबल लावली तर लॅपटॉपवर एडीबीत, म्हणजे केबलवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनात, फोन दिसतोय! स्क्रीनशॉट ओढून घेतला, तर त्यात स्वागताचा पडदा व्यवस्थित, भाषा निवडा वगैरे. फोन मजेत चालू होता, फक्त काचेवर काही येत नव्हतं.

इथे माझे अकरा दिवस गेले. कारण असं निघालं की कंपनीनं एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या पुरवठादारांचे डिस्प्ले पॅनल बसवले होते. बूटलोडर पॅनल ओळखतो आणि त्याचं नाव कर्नलला कमांडलाइनमधून, म्हणजे सुरू करताना दिलेल्या सूचनांच्या ओळीतून, कळवतो. कर्नल स्वतःच्या हार्डवेअरच्या यादीत त्या नावाचा नोड (नोंद) शोधतो. जेल रोडच्या फोनचा नोड सोर्समध्ये होता, आईच्याचा नव्हताच. मग कर्नल गुपचूप पहिलं पॅनल धरून चालतो आणि त्याच्याच सूचना दुसऱ्या काचेला पाठवत बसतो. डीमेसेगमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, तशी एक ओळ होती, नोड चुकीचा म्हणून प्रायमरी पॅनल निवडलं अशी. ती मी पहिल्याच दिवशी पाहून पुढे सरकलो होतो, कारण आजूबाजूला तशा कुरकुरीच्या चारशे ओळी असतात.

उपाय साधा. कंपनीच्या मूळ बूट इमेजमधून (कर्नल असलेल्या फाइलमधून) कर्नलची ती संकलित हार्डवेअर यादी काढली (तिलाही डिव्हाइस ट्रीच म्हणतात, पण वरच्यापेक्षा ती वेगळी), डीटीसी या साधनानं उलगडली, त्यातला त्या पॅनलचा नोड उचलला. पॅनल सुरू करायच्या सूचना हेक्स आकड्यांच्या लांबलचक रांगा असतात, त्यातलं मला आजही काही कळत नाही. जशाच्या तशा चिकटवल्या आणि काच उजळली. म्हणून तुम्हाला सांगतो, मूळ सिस्टम चालू असतानाच फोन रूट करून (पूर्ण ताबा मिळवून) त्याची कमांडलाइन, डीमेसेग आणि पार्टिशनची यादी काढून ठेवा. एकदा पुसल्यावर ही माहिती कुणाकडे मागणार? स्नॅपड्रॅगन चिप असेल तर मॉडेमएसटी १ आणि २ या पार्टिशनांचाही बॅकअप घ्या, मीडियाटेक असेल तर एनव्हीरॅमचा. तो गेला की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, जातो. अनलॉक करताना फोटो पुसले जातातच, ते वेगळं. लॉगसाठी रॅमऊप्स चालू ठेवा, म्हणजे कर्नल कोसळला तरी पुढच्या बूटला आधीचे शेवटचे शब्द वाचता येतात.

मशीनबद्दल: आजच्या आवृत्त्यांना ३०० जीबी जागा तरी ठेवा. १६ जीबी रॅमवर काम रडतखडत होतं, ३२ बरी.

सगळं झालं म्हणून फोन आईच्या हातात दिला. तिचं सिम जिओचं. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, कॉल जातो तो व्होल्टीईवरून (फोरजीच्या डेटावरून), आणि व्होल्टीई चालतं ते आयएमएसच्या, म्हणजे असे कॉल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, ब्लॉबवर. इंटरनेट झकास, यूट्यूबवर भजनं चालू, आणि मावशीला फोन लागेना. "सगळं आहे रे," आई म्हणाली, "बोलता तेवढं येत नाही." आयएमएसचं ॲप एका आवृत्तीचं आणि लायब्रऱ्या दुसऱ्या आवृत्तीच्या, असा माझाच घोळ होता. दोन्ही एकाच फर्मवेअरमधून घेतल्यावर सुटला. तुमच्याकडे जिओ असेल तर कॅमेऱ्याआधी हे तपासा. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स बूटलोडर उघडा पाहून नाही म्हणू शकतात, त्यासाठी दुसरा फोन हाताशी असू द्या.

फोन अजून चालतोय. व्हिडिओ घेताना पहिला सेकंद हिरवा येतो, ते मला कधीच दुरुस्त करता आलं नाही. पुतण्याच्या मुंजीचा व्हिडिओ त्यामुळे हिरवळीतून सुरू होतो.

चिप कोणती, फोन कुठल्या अँड्रॉइडवर आला होता आणि कर्नलचा सोर्स सापडला का, एवढं कमेंटमध्ये टाका. सोर्स नसेल तर मी स्पष्ट नको म्हणेन.